ड्राफ्टमध्ये आधी काय बघायचं, गुण की लक्षणं?

फिलीवाला

मंडळी, एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी कॉलेजची पोरं निवडायचा सोहळा, तोंडावर आलाय आणि ऑफिसात दरवर्षीचं भांडण सुरू झालंय. म्हटलं इथे धागा काढू, निदान मराठीत भांडता येईल. (अमेरिकन फुटबॉल हां, मेस्सीवाला नाही, आधीच सांगून ठेवतो.)

पोरगं मैदानावर राक्षस आहे, पण मैदानाबाहेर काहीतरी लफडं आहे. घ्यायचा का? आणि घ्यायचा तर कितव्या नंबरला?

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, ईगल्सचा भक्त, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न म्हणजे जेलन कार्टर. २०२३ च्या ड्राफ्टआधी जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा हा डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या फळीत मधोमध उभा राहणारा दांडगा गडी) बऱ्याच जाणकारांच्या मते त्या वर्षीचा सगळ्यात गुणी खेळाडू होता. जानेवारीत त्यांची टीम नॅशनल चॅम्पियन झाली, मिरवणूक निघाली, आणि त्याच रात्री, म्हणजे १५ जानेवारीच्या पहाटे दोन गाड्या सुसाट निघाल्या, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे शर्यत लावून, त्यातली एक १०४ मैलांपर्यंत पोचली अन रस्ता सोडून गेली. त्यात त्याच्याच टीममधला २० वर्षांचा खेळाडू आणि टीमची २४ वर्षांची एक कर्मचारी असे दोघं गेले. दुसऱ्या गाडीत कार्टर होता. मार्चमध्ये तो इंडियानापोलिसला कम्बाईनला, म्हणजे जिथे सगळ्या टीम पोरांची उंची-वजन-धाव मोजतात त्या मेळ्याला गेला असतानाच वॉरंट निघालं. बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं, दोन्ही किरकोळ गुन्ह्यांच्या वर्गातले. त्याने आरोप लढवलेच नाहीत, त्यामुळे १२ महिने प्रोबेशन, १००० डॉलर दंड अन ८० तास समाजसेवा यावर सुटला. वर कॉलेजच्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजातच टीमच्या लोकांसमोर होणाऱ्या चाचणीला, कम्बाईनपेक्षा ९ पौंड जास्त वजन घेऊन उगवला आणि ड्रिलसुद्धा पुऱ्या करता आल्या नाहीत.

एवढं सगळं होऊन पोरगं घसरलं किती, तर नवव्या नंबरपर्यंत. बस्स. शिकागोने नववा पिक, म्हणजे नवव्या नंबरला पोरगा उचलायचा हक्क, आम्हाला दिला, स्वतः एक पायरी खाली सरकले, बदल्यात पुढच्या वर्षीचा चौथ्या राउंडचा पिक घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही सुपर बोल ४०-२२ असा जिंकलो तेव्हा लाईनच्या मधोमध हाच उभा. आणि मग सप्टेंबरमध्ये नव्या सीझनची पहिली मॅच, किकऑफ झालाय, पहिला डावसुद्धा सुरू व्हायचाय, अन हा गडी डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटवर थुंकून बाहेर!

तरी माझं मत, घेतला ते बरोबरच केलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड. तुम्ही बोला.

पुणे_३०

शीर्षकात फुटबॉल नाही म्हणून क्लिक केलं, आत आल्यावर फुटबॉल आहे म्हणून बसलो, आता कळतंय की हा तो फुटबॉलच नाही. फसवणूक आहे ही. बरं, आता आलोच आहे तर ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचं ऑक्शन का?

फिलीवाला

@पुणे_३० नाही हो, बोली नसते. गेल्या सीझनमध्ये ज्या टीमची सगळ्यात वाट लागली तिला पहिला नंबर, मग तिच्या वरची, असं ३२ टीम, ७ राउंड. आपला नंबर आला की उरलेल्यांतून एक पोरगा उचलायचा. कोणत्या टीमकडे जायचं ते पोराच्या हातात नसतं. आणि पहिल्या करारातला पैसा कितव्या नंबरला गेलास त्यावरच जवळजवळ ठरतो, म्हणून घसरणं महागात पडतं.

डेट्रॉइटचे_काका

चांगला धागा. मी ८४ पासून मिशिगनात आहे, लायन्सचा फॅन, म्हणजे सहनशक्तीवर पीएचडी आहे माझी.

कार्टर परवाची गोष्ट झाली. १९९८ आठवा. रँडी मॉस. शाळेतल्या मारामारीपायी नोत्र दामची स्कॉलरशिप गेली, फ्लोरिडा स्टेटमधूनही नारळ मिळाला, शेवटी मार्शलसारख्या छोट्या कॉलेजात खेळला. गुणांनी पहिल्या पाचातला, गेला एकविसाव्या नंबरला, मिनेसोटाला. डॅलस आपल्याला घेणार अशी त्याची खात्री होती, त्यांनी आठव्या नंबरला दुसराच घेतला. मग त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला डॅलसमध्ये मॅच... तीन झेल, १६३ यार्ड आणि तिन्ही टचडाउन!! मी टर्की खाता खाता उठून उभा राहिलो होतो. त्या सीझनला १७ टचडाउन झेलले, नवख्याचा विक्रम, आणि मिनेसोटा १५-१.

आता याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मिनेसोटात त्याच्या शेजारच्या लॉकरला कोण होता? क्रिस कार्टर. हा स्वतः नशेच्या लफड्यात फिलाडेल्फियाने १९९० साली हाकलून दिलेला (फिलीवाले, तुमचीच टीम हो), आणि मिनेसोटाने त्याला वेव्हरवरून (दुसऱ्या टीमने सोडलेल्यांच्या यादीतून) १०० डॉलर भरून उचललेला. तिथे तो सुधारला, पुढे हॉल ऑफ फेमला गेला. मॉसही गेला. म्हणजे पोरगा कसा आहे हे जितकं महत्त्वाचं तितकंच तो कुणाच्या हाताखाली पडतो हेही.

आकडेमोड

काकांना अनुमोदन, पण मॉसचं उदाहरण सगळे देतात, लॉरेन्स फिलिप्सचं कुणी देत नाही. १९९६, नेब्रास्काचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), आदल्याच वर्षी माजी मैत्रिणीला मारहाण, सगळ्यांना माहिती. सेंट लुईस रॅम्सने सहाव्या नंबरला घेतला. आणि तो येतोय म्हणून ज्याला पिट्सबर्गला पाठवून दिला तो होता जेरोम बेटिस, जो पुढे तिथे दहा वर्षं खेळला आणि हॉल ऑफ फेमला गेला. फिलिप्सला रॅम्सने नोव्हेंबर १९९७ मध्ये काढून टाकला. पुढे गुन्ह्यांमागून गुन्हे, लांबलचक शिक्षा, २०१६ च्या जानेवारीत तुरुंगातच मेला.

जो यशस्वी झाला त्याची गोष्ट आपण थँक्सगिव्हिंगला सांगतो, फसला त्याची सांगत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की गुणी पोरगा शेवटी वळणावर येतोच.

आता पैशाकडे बघा, खरी मेख तिथे आहे. २०१० पर्यंत पहिल्या नंबरच्या पोराला वाट्टेल तेवढा पैसा होता. सॅम ब्रॅडफर्डला २०१० मध्ये ५० मिलियन गॅरंटीड. दुसऱ्याच वर्षी लीग आणि खेळाडूंच्या युनियनचा नवा करार आला, नवख्यांच्या पगाराला चौकट बसली, अन २०११ च्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून साधारण २२ मिलियन. म्हणजे जुगार एका वर्षात निम्म्याहून स्वस्त झाला. शिवाय करारात कलमं असतात, सस्पेंड झालास की गॅरंटी उडाली. टीमचे मालक काही संत झालेले नाहीत, फक्त हरण्याची किंमत कमी झालीये.

ह्यूस्टनकरीण

वाचत होते, आता राहवलं नाही.

तुम्ही सगळे 'लफडं' 'लफडं' म्हणताय त्या एका पोत्यात काय काय भरलंय बघा जरा. २०१६ च्या ड्राफ्टला अगदी सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी लॅरेमी टन्सिलच्या ट्विटर अकाउंटवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, गॅस मास्क लावून गांजा ओढतानाचा, जुना. बिचारा सूटबूट घालून तिथेच बसलेला. तेराव्या नंबरला घसरला, मायामीने घेतला, आणि त्या काही मिनिटांत त्याचे कित्येक मिलियन गेले. तो पुढे आमच्या टेक्सन्सकडे आला तेव्हा मायामीने त्याच्यासाठी दोन पहिल्या राउंडचे पिक आणि वर आणखी घेतले. आम्ही वर्षानुवर्षं त्याला बघितलं, क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणाऱ्याची) डावी बाजू राखणारा भिंतीसारखा माणूस, आणि आता तर लीग नुसत्या गांजाच्या टेस्टवरून सस्पेंडही करत नाही, २०२० च्या करारापासून बंद झालं ते.

आणि त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला टायरिक हिल गेला. त्याने गर्भवती मैत्रिणीचा गळा दाबल्याचा गुन्हा कबूल केलेला होता. कबूल! ओक्लाहोमा स्टेटने काढून टाकलेला. कॅन्सस सिटीने १६५ व्या नंबरला घेतला, सुपर बोल जिंकले, आणि आज कुणी बोलायला लागलं की लोक म्हणतात काय जबरदस्त पिक होता, 'व्हॅल्यू' मिळाली.

दोन्ही पोरांच्या कागदावर शेरा एकच, कॅरेक्टरचा प्रॉब्लेम. एकाने धूर काढला अन एकाने बाईचा गळा धरला. २०१७ ला ज्यो मिक्सन, एका मुलीला ठोसा मारल्याचा व्हिडिओ अख्ख्या देशाने बघितला, तोंडाची हाडं मोडली तिची, तो ४८ व्या नंबरला. म्हणजे गळा दाबलात तर पाचवा राउंड, ठोसा मारलात तर दुसरा, असा रेटकार्ड आहे का? फिलीवाले, तुमची ती दुभती गाय, लाथा कुणाला बसतात ते बघा की. धार तुम्ही काढताय, लाथ खाणारी बाई गोठ्याच्या बाहेर उभी आहे.

पुणे_३०

दंडवत ताई.

सिएटलचा_शेजारी

+१ ह्यूस्टनकरीण. पण टीमच्या बाजूनेही थोडं. त्यांना कळतं कसं, ते बघा ना. प्रत्येक टीमकडे सिक्युरिटीचा माणूस असतो, बऱ्याचदा माजी पोलीस नाहीतर एफबीआयवाला. स्काउट कॉलेजात जाऊन कोचला विचारतात, अभ्यासाच्या सल्लागाराला विचारतात, कपडे-हेल्मेट सांभाळणाऱ्यालाही विचारतात, कारण कोचसमोर सगळेच शहाणे असतात. अगदी स्थळाची चौकशी करतात तसं, शेजारणीकडून कळतं ते मामांकडून कळत नाही. कम्बाईनला तर जेमतेम काही मिनिटांची मुलाखत असते, शुद्ध कांदेपोहे. एजंटने उत्तरं पाठ करून घेतलेली.

आणि मुलाखत घेणारे तरी काय दिवे लावतात. २०१० मध्ये मायामीच्या जनरल मॅनेजरने डेझ ब्रायंटला विचारलं, तुझी आई वेश्या आहे का म्हणून. नंतर माफी मागावी लागली. खेळाडूची जास्तीत जास्त माहिती काढणं हे आपलं काम आहे म्हणे.

आकडेमोड

@सिएटलचा_शेजारी त्याच २०१० च्या ड्राफ्टमध्ये ॲरन हर्नांडेझ होता. ड्राफ्टआधी एका मानसशास्त्रीय चाचणीत सामाजिक परिपक्वतेला १० पैकी १ गुण, हे नंतर पेपरात आलं. न्यू इंग्लंडने चौथ्या राउंडला, ११३ व्या नंबरला घेतला. दोन वर्षं असा खेळला की २०१२ मध्ये ४० मिलियनचं एक्स्टेन्शन दिलं. २०१३ च्या जूनमध्ये खुनाच्या आरोपाखाली अटक. ड्राफ्टला फसले असं मी म्हणणार नाही, चौथा राउंड म्हणजे बेतानेच लावलेला पैसा. फसले ते दोन वर्षांनी, जेव्हा टचडाउन बघून तो १० पैकी १ विसरून गेले.

डेट्रॉइटचे_काका

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण इथे उलटंही झालंय. हेन्री रग्स. २०२० चा बारावा नंबर, रेडर्स. काय वाईट होतं त्याच्या कागदावर? काही नाही. शांत पोरगा, शाळेतला जिवलग मित्र कार अपघातात गेलेला, त्याच्या आठवणीत टचडाउन केला की तीन बोटं वर करायचा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला दारू पिऊन १५६ मैलांच्या वेगाने... समोरच्या गाडीतली २३ वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा जळून गेले. ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली.

कुठल्या स्काउटला दिसणार होतं हे. तेव्हा तुमच्या त्या चौकश्या-बिवकश्या मला तरी अर्ध्या थोतांड वाटतात.

सिएटलचा_शेजारी

काका, रग्स दिसला नाही म्हणून फिलिप्सही दिसत नव्हता असं होत नाही ना. एक चाचणी चुकली म्हणून डोळेच मिटून घ्यायचे का?

आणि तिसरा प्रकार राहिलाच. लाएल कॉलिन्स, २०१५. पहिल्या राउंडचा नक्की पोरगा. ड्राफ्टच्या थोडेच दिवस आधी त्याच्या जुन्या मैत्रिणीचा खून झाला, पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं, तो संशयित नाही असं पोलीस स्वतः सांगत होते. तरी ७ राउंड झाले, अडीचशेच्या वर पोरं गेली, याला कुणी हात लावला नाही. नंतर डॅलसने ड्राफ्टबाहेर घेतला, वर्षानुवर्षं खेळला. पण पहिल्या राउंडचा पैसा गेला तो गेलाच. काही न करता.

ह्यूस्टनकरीण

हेच म्हणतेय मी. कॉलिन्सने काही केलं नाही, त्याला अख्ख्या ड्राफ्टने वाळीत टाकलं. हिलने कबूल केलं, त्याला पाचव्या राउंडला घेतलं. कारण कॉलिन्सचं प्रकरण त्या आठवड्यात पेपरात गरम होतं, हिलचं थंड झालेलं. यात कॅरेक्टर कुठे आलं? हा माणूस आमच्यासाठी किती मॅच उपलब्ध राहील अन पेपरात किती छापून येईल, एवढाच हिशेब. तसं सरळ म्हणा ना, मग मला वाद घालायचा नाही.

कृष्णाकाठचा_गडी

मला ते यार्ड-बिर्ड कळत नाही पण विषय कळला. मी तालुक्याला कबड्डीची पोरं बघायचो बारा-तेरा वर्षं. एक पोरगं होतं, चढाईला गेलं की दोन गडी मारूनच यायचं, बोनस तर खिशात. पण सरावाला दांडी, रात्री टपरीवर भांडणं, एकदा पंचाच्या अंगावर गेलं. कमिटीतले म्हणायचे घ्या की, फायनल आहे. घेतलं. फायनल जिंकलो बी. पुढच्या वर्षी सहा पोरं सरावाला यायची बंद झाली, कारण त्यांना कळलं की सरावाला आलं काय अन नाही आलं काय, घेणार त्यालाच. ते पोरगं नंतर सुरतेला कामाला गेलं अन माझी टीम बसली ती बसलीच. बाहेरच्यांचं तर सोडा, आतल्या पोरांचं काय होतं ते कोण मोजतंय?

आकडेमोड

@कृष्णाकाठचा_गडी तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात भारी. इथे त्याला लॉकर रूम म्हणतात आणि त्याचा आकडा कुणाकडे नाही.

अवांतर: आपल्याकडे पृथ्वी शॉचं झालं तेच आहे काही अंशी. १८ व्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, आणि पुढच्या महिन्यात जेद्दाहच्या ऑक्शनमध्ये ७५ लाख बेस प्राइसला कुणी हात वर केला नाही. तिथे गुन्ह्याबिन्ह्याचा विषय नव्हता, फिटनेस अन शिस्त, बस्स. ह्यूस्टनकरीण म्हणतात त्या पोत्यातली सगळ्यात हलकी वस्तू, तरी शिक्षा बघा.

सिएटलचा_शेजारी

थोडं गोड पण सांगतो, सगळं कडूच चाललंय. ट्रॅव्हिस केल्सीला कॉलेजात गांजापायी २०१० चा अख्खा सीझन बाहेर बसवला होता. २०१३ ला कॅन्सस सिटीने ६३ व्या नंबरला घेताना अँडी रीडने फोनवर आधी पोराला दम दिला, माती करणार नाहीस ना म्हणून, आणि मग म्हणाला फोन तुझ्या भावाकडे दे. भाऊ जेसन, रीडनेच फिलाडेल्फियाला असताना ड्राफ्ट केलेला. थोडक्यात जामीनदार मागितला! पुढचं सगळं तुम्हाला माहितीच आहे, ज्यांना फुटबॉल माहिती नाही त्यांनाही टेलर स्विफ्टमुळे माहिती आहे.

फिलीवाला

दोन दिवस ऑफिसमुळे येता आलं नाही, तेवढ्यात धागा कुठल्या कुठे गेला. सगळं वाचलं.

काकांचं पटलं. ईगल्सने कार्टरला घेतला त्याच्या आदल्या वर्षी जॉर्जियाचेच जॉर्डन डेव्हिस अन नकोबी डीन आणलेले होते, म्हणजे त्याला आतून ओळखणारी माणसं आमच्या इमारतीत आधीच होती, जामीनदारच म्हणा. आमच्या आधीच्या टीमनी जे सोडलं ते आमच्याने जमलं त्यात याचा वाटा असणार असं मला वाटतं.

ह्यूस्टनकरीण, तुमच्या गोठ्याच्या वाक्यावर मात्र अडकलो. २०२३ च्या त्या रात्री नववा पिक आमचा झाला आणि कार्टरचं नाव घेतलं तेव्हा मी सोफ्यावरून उडी मारली होती, बायको वरच्या मजल्यावरून खाली आली काय झालं बघायला. तिला सांगितलं, सगळ्यात भारी पोरगा स्वस्तात मिळाला. ती म्हणाली स्वस्तात का? मग मी अपघाताचं सांगायला लागलो आणि दुसऱ्या वाक्याला तिचा चेहरा बदलला. म्हणाली, अरे पण ती दोघं मेली ना. मी म्हटलं हो, पण केस मिटलीय. 'स्वस्तात' हा शब्द मीच वापरला होता, आज तुमचं रेटकार्ड वाचताना आठवला.

तरी घेतला असता का? घेतला असता. कार्टरने कुणावर हात उचलला नव्हता, बेफिकिरी होती आणि त्याची सजा कोर्टाने दिली, ती लहान वाटते मलाही, पण ती वाढवायचं काम आमच्या जनरल मॅनेजरचं, हॉवी रोझमनचं, नाही. हिलला? नाही. आधी बहुतेक हो म्हटलं असतं, पाचवाच तर राउंड आहे, जातंय काय, असं.

ह्यूस्टनकरीण

ठीक आहे. अर्धं तरी आलात. बायकोला नमस्कार सांगा.

डेट्रॉइटचे_काका

मला एक सांगा, आमच्या लायन्सकडे तेव्हा सहावा नंबर होता, कार्टर समोर होता, आणि आम्ही तो पिकच विकून खाली गेलो. बरोबर केलं का? दर सुपर बोलला हा प्रश्न मला झोपू देत नाही.

आकडेमोड

काका, त्या ट्रेडमधून जाहमिर गिब्ज आला तुम्हाला. झोपा.

पुणे_३०

एवढं वाचल्यावर आता बघावंच लागणार. भारतातून किती वाजता दिसतं हे?

फिलीवाला

@पुणे_३० पहिला राउंड इथे गुरुवारी रात्री आठला, म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. सुरुवातीला थोड्या गप्पा असतात, पण वेळेवरच उठा.